गोल कुठे, गाठ कुठे

फ्रान्समधलं कुठलंही मध्यम आकाराचं गाव उपग्रहाच्या नकाशावर उघडा आणि गावाच्या कडेकडेने सरकत जा. वेशीवर एक राउंडअबाउट, म्हणजे मधल्या बेटाभोवती गोल फिरून जायचा चौक, सुपरमार्केटच्या पार्किंगपाशी दुसरा, कारखान्यांच्या वसाहतीच्या तोंडाशी तिसरा, आणि पुढच्या गावाची वाट धरली की आणखी दोन. देशभरात मिळून ३०,००० हून जास्त असल्याचं सांगतात. आता तोच नकाशा जपानवर न्या. शहरामागून शहर पालथं घाला, दिसतील ते सिग्नल, सिग्नल आणि सिग्नल. तिथे दोनेक लाख सिग्नल आहेत आणि कायद्याच्या व्याख्येत बसणारे राउंडअबाउट शे-दीडशेच्या घरात. दोन्ही देश श्रीमंत, दोन्हीकडे रस्ते उत्तम, दोन्हीकडचे इंजिनिअर हुशार. मग एवढा फरक आला कुठून?

मी पोटापाण्यासाठी रस्त्यांची ड्रॉइंग्ज काढते. दिवसभर स्क्रीनवर वळणांच्या त्रिज्या, रॅम्पचे चढ, पाणी कुठे वाहून जाणार याचे बाण. आणि रात्री जेवण झालं की विरंगुळा म्हणून दुसऱ्यांनी काढलेले रॅम्प बघत बसते. घरच्यांनी यावर बोलणं केव्हाच सोडून दिलंय. पण वर्षानुवर्षं हे नकाशे चाळल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. कुठल्या भागात गोल चौक जास्त आणि कुठे पुलांच्या गाठी, म्हणजे महामार्ग वर-खाली ओलांडतात ते इंटरचेंज जास्त, हे गर्दीवरून फारसं ठरत नाही. लोक किती शिस्तीचे यावरून तर अजिबातच नाही. ते ठरतं दोन गोष्टींवरून: तिथले मोठे रस्ते कोणत्या दशकात बांधले गेले, आणि त्या दशकात ‘कोणी कोणासाठी थांबायचं’ याचा नियम काय होता.

गोल फिरायची कल्पना तशी जुनी. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलला १९०५ मध्ये एकाच दिशेने गोल फिरण्याची पद्धत सुरू झाली, त्यामागे वाहतुकीच्या नियमांचा पुरस्कर्ता विल्यम फेल्प्स इनो. पॅरिसच्या विजयकमानीभोवती १९०७ मध्ये तेच झालं, तिथे वास्तुरचनाकार युजीन एनार याचा आग्रह. इंग्लंडमध्ये लेचवर्थ या नव्याने वसवलेल्या उद्याननगरीत १९०९ च्या सुमारास पहिला गोल आला. म्हणजे अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन तिघांची सुरुवात जवळपास एकाच वेळची. पुढे वाटा फुटल्या त्या नियमामुळे.

तो नियम नीट समजून घेण्यासारखा आहे. युरोपात बऱ्याच ठिकाणी उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं अशी जुनी रीत होती. साध्या चौकात ती चालते. पण गाड्या उजव्या बाजूने चालतात अशा देशात गोलात फिरणाऱ्याच्या उजवीकडे कोण असतं? बाहेरून आत शिरणारा. म्हणजे जो आधीच आत आहे त्याने थांबायचं आणि बाहेरच्याला आत घ्यायचं. गर्दी कमी असेल तोवर ठीक. ती वाढली की बाहेरून लोंढा आत येत राहतो, आतला माणूस थांबतो, त्याच्यामागचा थांबतो, आणि ज्याला बाहेर पडायचं आहे तोही त्या थांबलेल्या रांगेच्या मागे अडकतो. बाहेर पडायची वाट मोकळी असूनही तिथपर्यंत पोचता येत नाही. वर्तुळ स्वतःचीच शेपटी तोंडात धरतं आणि सगळं ठप्प.

ज्याला हे प्रत्यक्ष बघायचं आहे त्याने पॅरिसच्या त्याच विजयकमानीचे वरून घेतलेले व्हिडिओ बघावेत. बारा रस्ते एका गोलात येतात, आखलेल्या लेन नाहीत आणि आत येणाऱ्याला प्राधान्य हा जुना नियम तिथे आजही लागू आहे. आतल्या गाड्या तिरक्या, आडव्या, एकमेकींच्या नाकासमोर उभ्या. तरी थोड्या वेळाने सगळे बाहेर पडतात, हे विशेष. पायी जाणाऱ्यांसाठी खालून भुयार आहे आणि ते वापरावं.

याच कोंडीमुळे अमेरिकेने गोलांचा नाद सोडला. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १९२०-३० च्या दशकांत मोठमोठी सर्कल्स बांधली गेली होती. गाड्या वाढल्यावर ती तुंबू लागली, आणि १९५० च्या दशकात अमेरिकन इंजिनिअरांनी ठरवून टाकलं की गोल ही वाईट कल्पना आहे. वेळही तशीच आली. १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला, पैशाचा पूर लोटला, आणि ज्या पिढीने देशभर रस्ते बांधले तिच्या पुस्तकांत गोलाला जागाच नव्हती.

ब्रिटनमध्ये मात्र एक माणूस चिकटून राहिला. फ्रँक ब्लॅकमोर, सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेतला. त्याचं म्हणणं साधं होतं: आतल्याला थांबवू नका, बाहेरच्याला थांबवा. १९६६ मध्ये ब्रिटनने हा नियम सक्तीचा केला आणि गोल तुंबायचे थांबले. आता आतलं वर्तुळ भरून गेलं तर नवीन गाडी आत शिरतच नाही, त्यामुळे आतले बाहेर पडत राहतात. पूल नाही, खांब नाही, दिवे नाहीत. फक्त ‘थांब’ची रेषा आतून उचलून बाहेर नेली. रस्तेबांधणीच्या इतिहासात एवढ्या कमी खर्चात एवढा मोठा फरक दुसऱ्या कशाने पडला असेल असं मला वाटत नाही.

नियम बदलल्यावर गोल लहानही करता आला. आधी त्यात भरपूर गाड्या मावाव्यात म्हणून तो प्रचंड ठेवावा लागे. ब्लॅकमोरने तो इतका लहान केला की रस्त्यावर रंगाचा ठिपका उरला. मग त्याला आणखी सुचलं. स्विंडन शहरात १९७२ मध्ये त्याने पाच छोटे गोल एका मोठ्या गोलाभोवती मांडले. पाच रस्ते येतात, प्रत्येकाच्या तोंडाशी एक छोटा गोल. ब्रिटनमध्ये गाड्या डावीकडून चालतात, म्हणून हे पाचही गोल घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात. पण त्या पाचांच्या आतल्या बाजूने जी वाट तयार होते, ती उलटी, काट्याविरुद्ध फिरते. मधल्या बेटाभोवती उलटं जायचं! सुरुवातीला खुणा कायमच्या रंगवल्याच नव्हत्या, जागा हलवून हलवून जमवल्या, आणि त्या काळात प्रत्येक छोट्या गोलापाशी एकेक पोलीस उभा केला होता.

हे वेडाचं काम वाटतं, पण ड्रॉइंगवर बोट ठेवून बघा. समजा तुम्हाला जिथून आलात त्याच्या उजवीकडच्या शेजारच्या रस्त्याला जायचं आहे. साध्या गोलात जवळजवळ पूर्ण प्रदक्षिणा घालावी लागते. इथे तुम्ही पहिल्या छोट्या गोलावरूनच आतल्या वाटेला वळता आणि सरळ शेजारी पोचता. कोणालाही फुकटची प्रदक्षिणा नाही. चालवणाऱ्याला पूर्ण आकृती कळायची गरजही नाही. समोर जो छोटा गोल येईल तिथे उजवीकडे बघायचं, मोकळं असेल तर जायचं, बस्स. मला या आकृतीबद्दल जेवढा आदर आहे तेवढा फार थोड्या बांधकामांबद्दल आहे.

फ्रान्सने आत असलेल्याला प्राधान्य देणारा नियम लागू केला १९८४ मध्ये. त्याच्या दोनच वर्षं आधी तिथे सत्तेचं विकेंद्रीकरण झालं होतं, म्हणजे गावच्या महापौराच्या हातात अधिकार आणि निधी दोन्ही आले. नवा नियम, नवा पैसा, आणि गावाच्या वेशीवर काहीतरी दिसेल असं बांधायची हौस. हे तिन्ही एका दशकात जमलं नसतं तर फ्रान्स आज सिग्नलचा देश असता, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत नव्या पद्धतीचे पहिले राउंडअबाउट यायला १९९० उजाडलं, नेव्हाडात लास वेगासजवळ. मग इंडियाना राज्यातल्या कार्मेल नावाच्या शहराने ध्यास घेतला. तिथला महापौर जिम ब्रेनार्ड १९९६ पासून २०२३ पर्यंत खुर्चीवर होता आणि इंग्लंडमध्ये शिकताना त्याने हे गोल बघितले होते. आज त्या एका शहरात १५० हून जास्त आहेत, सिग्नल शोधावे लागतात. पण शेजारच्या परगण्यांत जा, पुन्हा लाल-हिरवे दिवे. लोकसंख्या फ्रान्सच्या जवळपास पाचपट असूनही पूर्ण अमेरिकेत फ्रान्सच्या निम्मेही राउंडअबाउट नाहीत. कार्मेल आणि त्याच्या शेजाऱ्यांत माणसं तीच, गाड्या त्याच, राज्याचे कायदेही तेच. फरक एका महापौराचा.

जपानचं उत्तरही इथेच मिळतं. तिथे वाहतूक कायद्यात राउंडअबाउटची स्वतंत्र व्याख्या आणि नियम लागू झाले सप्टेंबर २०१४ मध्ये. तोपर्यंत दाट वस्तीत रस्ते बांधून संपले होते, प्रत्येक कोपऱ्यावर सिग्नल बसले होते आणि चौकाभोवतीची एकेक हात जमीन कोणाच्या ना कोणाच्या घराखाली होती. नागानो प्रांतातल्या इइदा शहराने २०१३ मध्ये सिग्नल काढून गोल केला त्याची तिथे बातमी झाली. त्याआधी २०११ च्या भूकंपात वीज गेली आणि सिग्नल बंद पडले, तेव्हापासून गोलाकडे जरा आपुलकीने बघू लागलेत. गोलाला वीज लागत नाही.

एक आकडा मात्र सगळीकडे सारखा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना भिडू शकतात अशा जागा ३२ असतात. एका लेनच्या राउंडअबाउटमध्ये ८. आणि उरलेल्या आठांतही समोरासमोर किंवा थेट कुशीत घुसणारी टक्कर नाही, कारण सगळे एकाच दिशेने आणि कमी वेगात. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या मते सिग्नलच्या जागी गोल केला तर मृत्यू किंवा इजा होणारे अपघात ७८ टक्क्यांनी घटतात. बंपर चेपतो, माणूस वाचतो.

आता गाठींकडे येऊ. इथे माझं रोजचं काम येतं, म्हणून थोडं जास्त बोलणार.

दोन महामार्ग एकमेकांना न थांबता ओलांडायचे तर एक वर, एक खाली, हे उघड आहे. कटकट वळणाऱ्यांची. १९१६ मध्ये मेरीलँडच्या आर्थर हेल या इंजिनिअरने चार पाकळ्यांच्या आकृतीचं पेटंट घेतलं: एकच पूल, आणि चार कोपऱ्यांत चार लूप. पुढे जाऊन पूल ओलांडायचा आणि पाऊण वर्तुळ फिरून हव्या त्या रस्त्याला लागायचं. १९२९ मध्ये न्यू जर्सीत वुडब्रिजला ती प्रत्यक्षात आली, १९३५ मध्ये स्टॉकहोमच्या स्लुसेनला, १९३६ मध्ये जर्मनीत श्कॉयडित्झला ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर. स्लुसेनची गंमत अशी की १९६७ मध्ये स्वीडनने डावीकडून उजवीकडे गाडी चालवायला सुरुवात केली तेव्हा त्या चौकाला फारसा हात लावावा लागला नाही.

कागदावर ही आकृती इतकी सुरेख दिसते की तिच्यातली खोट पटकन दिसत नाही. एका लूपवरून उतरलेली गाडी महामार्गावर येते आणि तिला वेग वाढवून आतल्या लेनकडे सरकायचं असतं. नेमक्या त्याच पट्ट्यात महामार्गावरची दुसरी गाडी वेग कमी करून बाहेर सरकत असते, कारण तिला पुढच्या लूपवर चढायचं आहे. दोघींना एकमेकींच्या जागेवर जायचंय आणि मधे पट्टा जेमतेम शे-दोनशे मीटरचा. आम्ही याला वीव्हिंग म्हणतो. गर्दीच्या वेळी मागची कोंडी इथूनच सुरू होते. पट्टा लांब करायचा तर लूप मोठे करावे लागतात, आणि तिथे भूमिती आडवी येते. वेग दुप्पट हवा तर वळणाची त्रिज्या चौपट लागते. त्रिज्या चौपट झाली की लूपने घेरलेली जमीन सोळापट. ताशी ४० किलोमीटरच्या लूपला साधारण ५५-६० मीटर त्रिज्या पुरते, ८० ला सव्वादोनशेच्या पुढे. म्हणून पाकळ्यांचे चौक मोकळ्या माळावर दिसतात, अमेरिकेच्या मध्यपट्ट्यात, जर्मनीच्या शेतांत, आणि शहराच्या पोटात क्वचित.

शहराच्या पोटात मग आडवं पसरण्याऐवजी उभं चढावं लागतं. लॉस एंजेलिसमध्ये १९४९ मध्ये चार मजल्यांचा इंटरचेंज बांधून झाला. जोडणारे महामार्गच तयार नसल्याने तो पुरता वापरात यायला १९५३ उजाडलं. लूप नाहीत, प्रत्येक वळणाला स्वतःचा लांब, सौम्य रॅम्प. डॅलसचा हाय फाइव्ह २००५ मध्ये पूर्ण झाला, पाच मजली, उंची बारा मजली इमारतीएवढी. पाचवा मजला का? टेक्सासमध्ये महामार्गाला दोन्ही बाजूंनी समांतर जोडरस्ते द्यायची पद्धत आहे आणि त्यांच्या स्वतःच्या सिग्नलवाल्या चौकालाही एक मजला द्यावा लागतो. एका राज्याच्या सवयीपायी अख्खा एक मजला!

आणि चीन. चोंगछिंगच्या हुआंगजुएवान इंटरचेंजचे फोटो २०१७ मध्ये जगभर फिरले: पाच थर, वीस रॅम्प, आठ दिशा. लोक हसले, इथे चुकलेला माणूस घरी कधी पोचणार म्हणाले. फोटोत डोंगर दिसत नाही, एवढंच. चोंगछिंग हे नद्या आणि टेकड्यांवर रचलेलं शहर. एक रस्ता पुलावरून येतो, दुसरा बोगद्यातून, दोघांच्या उंचीत आधीच इमारतीएवढा फरक. तिथे सपाट गोल घालायला जागा आणायची कुठून? चीनचं महामार्गांचं जाळं विणलं गेलं १९९० नंतर, म्हणजे संगणकावर गुंतागुंतीची वळणं काढणं सोपं झालं त्या काळात. १९५० च्या दशकात तेच शहर बांधलं असतं तर नकाशा वेगळा दिसला असता.

याउलट ब्रिटनमध्ये मोठ्या गाठी मोजक्या. बर्मिंगहॅमचा ग्रेव्हली हिल इंटरचेंज १९७२ चा, म्हणजे स्विंडनच्या गोलाच्याच वर्षी उघडला. ५५९ खांब, खालून कालवे जातात. स्पॅगेटी हे टोपणनाव त्याला एका स्थानिक वर्तमानपत्राने बांधकामाआधीच, १९६५ मध्ये दिलं. पण बाकी देशात महामार्ग आणि साध्या रस्त्याची भेट होते तिथे ब्रिटिश माणूस सरळ महामार्गाच्या डोक्यावर एक मोठा गोल ठेवून देतो आणि चहा प्यायला जातो. दोन पूल, एक गोल, काम झालं.

योजून वसवलेल्या शहरांची तऱ्हा आणखी निराळी. ब्रिटनच्या मिल्टन कीन्समध्ये चौकटीच्या रस्त्यांवर १३० च्या आसपास गोल. ब्राझीलच्या राजधानीत, ब्राझिलियात, शहराचा आराखडा काढणाऱ्या लुसिओ कोस्टाने चौकच नकोत म्हणून वस्त्यांच्या तोंडाशी छोटी छोटी पाकळ्यांची वळणं दिली. मलेशियाच्या पुत्रजयात एक गोल साडेतीन किलोमीटर परिघाचा आहे, आत टेकडी आणि राजवाडा; त्याला राउंडअबाउट म्हणायचं की रिंगरोड यावर वाद घालायला मी तयार आहे.

गोलाची भक्ती आंधळी नसावी, हेही खरं. एका बाजूने सतत लोंढा येत असेल तर शेजारच्या रस्त्याला फटच मिळत नाही. तीन-तीन लेनचा गोल झाला की चालवणाऱ्याला आतल्या लेनमधून बाहेर पडताना धडकी भरते, आणि अंध माणसाला तर गाडी थांबली की फिरून गेली हे नुसत्या आवाजावरून कळत नाही. कतारच्या दोहाने फुटबॉल विश्वचषकाआधीच्या वर्षांत आपले अनेक मोठे गोल काढून सिग्नल आणि उड्डाणपूल केले, त्यात मला काही वेडेपणा दिसत नाही. डच लोकांनी दुसरी युक्ती काढली. बर्टस फोर्टाउन याने १९९६ मध्ये आखलेल्या टर्बो राउंडअबाउटमध्ये आत शिरण्याआधीच लेन निवडायची, आत उंचवट्यांनी लेन वेगळ्या केलेल्या, त्यामुळे ऐनवेळी बदलता येत नाही. सायकलवाल्यांसाठी आइंडहोवनजवळ २०१२ मध्ये रस्त्याच्या वर केबलींनी तोललेलं एक वेगळंच वर्तुळ टांगलंय. आणि फॅरो बेटांवर २०२० पासून समुद्राखालच्या बोगद्यात राउंडअबाउट आहे. तिथे जाणं होईल तेव्हा होईल, तूर्त फोटोवर भागवते.

गाठ आणि गोल यांत मला शेवटी गोल जवळचा वाटतो तो त्याच्या मधल्या रिकाम्या जागेमुळे. इंटरचेंजच्या पोटातली जमीन सहसा खांबांची आणि कचऱ्याची. टोकियोचा ओहाशी जंक्शन हा देखणा अपवाद: सर्पिल रॅम्पला भिंत-छत घालून छतावर बाग केली आहे. गोलाच्या मधे मात्र कोणाला ना कोणाला काहीतरी करावंसं वाटतंच. फ्रेंच महापौर तिथे शिल्पं उभारतात, त्यातली बरीच कुरूप असतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटं घातलेल्या आंदोलकांनी ठाण मांडलं ते त्याच गोलांवर, कारण खेड्यापाड्यांत सगळ्यांना जाता-येता दिसेल अशी दुसरी मोकळी जागाच नव्हती. बहारीनमध्ये तर मार्च २०११ मध्ये सरकारने एका गोलात जमलेल्या आंदोलकांना हटवून तिथलं मोत्याचं स्मारक पाडलं आणि पुढे गोलच मोडून टाकला. आणि स्वीडनमध्ये २००६ साली लिंशोपिंगला एका गोलातल्या कुत्र्याच्या शिल्पाची कोणीतरी मोडतोड केली, तर दुसऱ्या कोणीतरी गुपचूप लाकडाचा कुत्रा आणून ठेवला. पाहता पाहता देशभरच्या गोलांत रातोरात घरगुती कुत्रे उगवायला लागले, लाकडाचे, चिंध्यांचे, पत्र्याचे. रस्तेखात्याने त्यांचं काय करावं याचं कलम कुठल्याच नियमावलीत नव्हतं.